थायरॉइड मंदावलाय का? लक्षणं, टीएसएच आणि हातातला रिपोर्ट

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घरोघरी कूलर रात्रभर घरघरत असतात. अशा दिवसांत घरातली एखादी बाई "कूलर बंद कर नं बाप्पा, थंडी वाजून राहिली" म्हणत पायांवर चादर ओढत असेल, तर हसून सोडून देऊ नका. तिच्याकडे जरा नीट पाहा. सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसतो का? आवाज पूर्वीपेक्षा जाड झालाय का? बोटातली अंगठी घट्ट झाली का? दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला फोटो काढून शेजारी धरा. थायरॉइड मंदावला की माणूस इतक्या सावकाश बदलतो की रोज पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. सहा महिन्यांनी अकोल्याहून आलेली बहीण मात्र दारातच विचारते, "अशी काहून दिसून राहिली तू?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी रक्त घ्यायचं, दुपारी मशीन लावायचं, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे. रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. "मॅडम, थायरॉइड निघाला का?" आणि "आता जिंदगीभर गोळी खावं लागते का?" मागे रांग उभी असते, त्यामुळे दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही. जे काउंटरवर सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते आहे. गोळी द्यायची की नाही, किती द्यायची, हे डॉक्टरच ठरवतील. पण कोणती तपासणी कशासाठी असते आणि कागदावरचा आकडा काय सांगतो, एवढं प्रत्येक घरात कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनळीला पुढून चिकटलेली, मोठ्या माणसात साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची. अन्नातून आलेलं आयोडीन ती रक्तातून ओढून घेते आणि त्यापासून दोन हार्मोन बनवते: टी-४ म्हणजे थायरॉक्सिन, आणि थोडंसं टी-३. एकात आयोडीनचे चार अणू, दुसऱ्यात तीन. टी-४ हा बराचसा साठा असतो. शरीरातल्या पेशी गरजेप्रमाणे त्याचं टी-३ करून वापरतात. पेशींनी किती वेगाने ऊर्जा वापरायची, हृदयाने किती जोरात चालायचं, आतडी किती हलायची, कातडी किती लवकर नवी व्हायची, हे सगळं या हार्मोनवर ठरतं. ते कमी पडलं की सगळंच मंदावतं. म्हणून एकाच आजाराच्या तक्रारी डोक्याच्या केसांपासून पायाच्या टाचेपर्यंत पसरलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या एकमेकींशी जोडायचं कुणाला सुचत नाही.

लक्षणं: संशयाला पुरेशी, निदानाला अपुरी

थकवा सगळ्यात आधी येतो. झोप पूर्ण होऊनही अंग जड वाटतं, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. थंडी जास्त वाजते. बद्धकोष्ठ होतं. कातडी कोरडी पडते, टाचा भेगाळतात, केस विंचरताना फणीत गुंता येतो. काहींच्या भुवयांचा कानाकडचा भाग विरळ होतो. नाडी मंद चालते. पाळी जास्त दिवस आणि जास्त अंगावरून जायला लागते, किंवा अनियमित होते. दिवस राहत नाहीत, किंवा राहून गर्भ टिकत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी हाताची बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. विसरायला होतं. मन उदास राहतं, आणि घरचे म्हणतात, "हिला काही करायलाच नको." या शेवटच्या वाक्याने मला फार त्रास होतो, कारण कित्येक बायका तपासणीला येण्याआधी वर्ष-वर्ष स्वतःलाच आळशी समजत आलेल्या असतात.

वजनाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण निम्मे लोक त्याच कारणाने येतात. थायरॉइड मंदावल्याने वजन वाढतं हे खरं, पण ते सहसा दोन-चार किलोच वाढतं आणि त्यातला मोठा भाग अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतो. पंधरा-वीस किलो वजन एकट्या थायरॉइडने वाढत नाही. त्यामुळे गोळी सुरू झाली की झपाट्याने बारीक होऊ, ही आशा धरू नका. आणि टीएसएच (थायरॉइडची पहिली रक्ततपासणी, तिच्याबद्दल पुढे सांगते) बरोबर आला म्हणून वजनाचं दुसरं कारण शोधायचं सोडूही नका.

आता अडचण अशी, की यातलं एकही लक्षण फक्त थायरॉइडचं नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तरी थकवा येतो, बी-१२ कमी असेल तरी हात बधिर होतात, पाळी जायच्या वयात झोप आणि मन दोन्ही बिघडतात. आपल्या विदर्भात सिकलसेलही बराच आढळतो, त्यातही माणूस सतत थकलेला असतो. उलट, टीएसएच बराच वाढलेला असूनही काहीच त्रास जाणवत नाही अशी माणसंही मी रोज पाहते. म्हणून लक्षणांची यादी वाचून स्वतःच निदान करू नये आणि लक्षणं नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नये. तीन-चार तक्रारी एकत्र दिसल्या, त्या महिनोन्‌महिने टिकल्या, की साधी रक्ततपासणी करून घ्यावी. तिला पर्याय नाही.

काही माणसांनी तर तक्रारींची वाट पाहू नये. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला थायरॉइडचा आजार आहे. स्वतःला टाइप-१ मधुमेह, कोड किंवा सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा) आजार आहे. डाउन सिंड्रोम आहे. थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली आहे, रेडिओआयोडीन दिलं आहे किंवा गळ्यावर किरणोपचार झाले आहेत. मनोविकारासाठी लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी अ‍ॅमिओडॅरोन चालू आहे. या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारून ठरावीक काळाने टीएसएच पाहावा. कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं दिसलं तर त्याची गोळी सुरू करण्याआधीही एकदा पाहावा, कारण थायरॉइड मंदावला की वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि थायरॉइडवर उपचार केले की ते बरंचसं उतरतं. मुलाची उंची वाढायची थांबली, वर्गात एकदम मागे पडलं, तर त्याचाही पाहावा.

हा आजार किती पसरलाय? २०१३ मध्ये भारतातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉइड मंद होता, आणि ३.४७ टक्के लोकांना तोपर्यंत त्याची कल्पनाच नव्हती. त्या आठांत नागपूर नव्हतं. पण समुद्रापासून लांब असलेल्या शहरांत प्रमाण किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा थोडं जास्त दिसलं होतं, आणि आपण तर देशाच्या मधोमध बसलो आहोत. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार कितीतरी पट जास्त, पण पुरुषांना होतच नाही असं नाही. पुरुषाचा थकवा "कामाचा ताण" म्हणून आणखी उशिरा तपासला जातो.

टीएसएच उलटा का वाचायचा

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे. "थायरॉइड कमी आहे म्हणता आणि रिपोर्टवर तर हाय लिहिलंय!"

टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो, आणि थायरॉइडला "काम कर" असं सांगणं हे त्याचं काम. सकाळी शाळेच्या वेळी आई आधी हळू हाक मारते. पोरगं उठलं तर तेवढ्यावर भागतं, नाही उठलं तर तिचा आवाज चढत जातो. शेजाऱ्याला पोरगं दिसत नाही, पण आईच्या आवाजावरून ते अजून अंथरुणात आहे हे कळतं. टीएसएच म्हणजे तो आवाज. तो चढला याचा अर्थ थायरॉइड पुरेसं हार्मोन देत नाही.

हा आवाज फार लवकर चढतो, आणि या तपासणीची ताकद त्यातच आहे. रक्तातला टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच साधारण १०० पट होऊ शकतो. टी-४ अजून नॉर्मलच्या चौकटीत असतानाच टीएसएच बाहेर पडलेला असतो. म्हणून पहिली तपासणी टीएसएचचीच करायची. तो वाढलेला आला तर फ्री टी-४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाला न चिकटलेला मोकळा टी-४, पाहायचा. बहुतेकांना एवढं पुरतं.

टी-३, टी-४, टीएसएच असं तिन्हींचं थायरॉइड प्रोफाइल करायची पद्धत आपल्याकडे पडून गेली आहे. मंद थायरॉइड शोधायला टी-३ चा जवळपास उपयोग नसतो, कारण शरीर टी-३ शेवटपर्यंत सांभाळून ठेवतं. आजार बराच पुढे गेला तरी तो नॉर्मल दिसू शकतो. साधा, म्हणजे एकूण टी-४ सुद्धा गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढलेला दिसतो, कारण त्या काळात रक्तात तो वाहून नेणारं प्रथिन वाढतं. फ्री टी-४ त्यापेक्षा खरा. मी स्वतः लॅबमध्ये काम करूनही सांगते, डॉक्टरांनी वेगळं काही लिहून दिलं नसेल तर फक्त टीएसएच करा. पैसेही कमी लागतात. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानजवळचं एम्स या सरकारी रुग्णालयांतही या तपासण्या होतात. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांच्या खर्चाच्या भीतीने तपासणी टाळत असाल तर आधी तिथल्या ओपीडीत जा.

अँटी-टीपीओ नावाची आणखी एक तपासणी आहे, ती थायरॉइडविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. काही जणांत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच थायरॉइडवर चालून जाते, आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या लोकांत थायरॉइड मंदावण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आली की कारण कळतं, आणि टीएसएच सीमेवर असेल तर पुढे तो वाढण्याची शक्यता जास्त आहे हेही कळतं. ही तपासणी एकदाच पुरते. दर सहा महिन्यांनी अँटीबॉडी किती उतरल्या ते पाहण्यात अर्थ नाही, त्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. गळ्याची सोनोग्राफीही प्रत्येकाला लागत नाही. गाठ हाताला लागली, गळा एका बाजूने फुगला, गिळायला त्रास झाला, तर करायची. आरशासमोर मान जरा मागे करून पाण्याचा घोट घ्या. गिळताना कंठमण्याखाली काही वर-खाली सरकणारा फुगवटा दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

रक्त देण्याआधी

उपाशीपोटीच यावं लागतं का? टीएसएचला तशी सक्ती नाही. पण वेळ महत्त्वाची. टीएसएच रात्री आणि पहाटे सगळ्यात जास्त असतो, दुपारी उतरतो. पहिल्यांदा सकाळी साडेसातला आणि दुसऱ्यांदा दुपारी तीनला रक्त दिलं, तर आजार तसाच असूनही आकडा वेगळा येईल. म्हणून दर वेळी सकाळी, शक्यतो त्याच सुमारास आणि त्याच लॅबमध्ये या. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचं हे घड्याळ बदललेलं असतं. रात्रपाळी संपवून थेट लॅबमध्ये येत असाल तर तसं सांगा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त देऊन झाल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी-४ काही तास चढलेला दिसतो.

डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया असं मोठं आजारपण चालू असताना किंवा नुकतं संपलेलं असताना टीएसएच करू नये, अगदी गरज नसेल तर. आजारपणात तो खाली जातो, बरं होताना काही दिवस नॉर्मलच्या वर चढतो. मग नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. सहा आठवडे थांबा.

आता केसांच्या गोळ्यांबद्दल, आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे मशीनच फसतं.

तुमच्या दंडातून घेतलेलं रक्त पिवळ्या झाकणाच्या नळीत जातं. ते अर्धा तास गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. खाली लाल थर बसतो, वर पिवळसर सिरम राहतं. ते मशीनमध्ये गेलं की टीएसएचचा प्रत्येक कण दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडला जातो. एक अँटीबॉडी त्याला धरून ठेवते, दुसरीतून प्रकाश निघतो. जितका प्रकाश तितका टीएसएच. बऱ्याच मशीनमध्ये धरून ठेवणारी अँटीबॉडी बायोटिनच्या साहाय्याने अडकवलेली असते. बायोटिन म्हणजे केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतलं जीवनसत्त्व. दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि केसांच्या गोळीत पुष्कळदा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. एवढं बायोटिन रक्तात असलं की ते अँटीबॉडीची जागा स्वतःच अडवतं, पकडलेले कण धुतले जातात, प्रकाश कमी पडतो आणि टीएसएच खोटा कमी येतो. फ्री टी-४ ची तपासणी उलट्या पद्धतीने चालते, त्यामुळे तो खोटा जास्त येतो.

म्हणजे बघा, थायरॉइड मंदावल्यामुळे केस गळतात, केस गळतात म्हणून बाई बायोटिन घेते, आणि बायोटिनमुळे रिपोर्ट नॉर्मल येतो. सगळीच मशीन अशी फसत नाहीत, पण तुमचं रक्त कोणत्या मशीनवर जाणार हे तुम्हाला माहीत नसतं. किमान दोन दिवस आधी या गोळ्या बंद करा, मोठा डोस असेल तर आणखी आधी, आणि रक्त देताना सांगा. केसांची गोळी म्हणजे काही औषध नाही असं समजून लोक सांगत नाहीत. सांगा.

आकडा हातात आल्यावर

मोठ्या माणसात टीएसएचची नॉर्मल चौकट बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ च्या आसपास असते. तुमच्या रिपोर्टवर बाजूला छापलेली रेंज तुमच्यासाठी खरी.

टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी-४ कमी, असं आलं तर शंकेला जागा फार उरत नाही. थायरॉइड मंद आहे, उपचार लागतात.

गुंता होतो तो ४.५ ते १० च्या पट्ट्यात, फ्री टी-४ नॉर्मल असताना. काउंटरवर ज्याला "बॉर्डरलाइन" म्हणतात तो हाच. इथे माझं कळकळीचं सांगणं आहे, की एका आकड्यावर स्वतःला जन्माचं रुग्ण ठरवू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पुष्कळांचा आकडा काही न करता परत चौकटीत येतो. एकाच निरोगी माणसाचाही टीएसएच दर वेळी तोच येत नाही. गेल्या वेळी ५.२ होता, या वेळी ६.१ आला, म्हणजे आजार वाढला असा अर्थ होत नाही. दुसऱ्यांदाही वाढलेलाच आला तर डॉक्टर तुमचं वय, तक्रारी, अँटी-टीपीओ, कोलेस्टेरॉल, मूल हवं आहे का, हे सगळं पाहून ठरवतात.

वय तर फारच महत्त्वाचं. म्हातारपणी टीएसएच आपसूक थोडा वर सरकतो. ८० वर्षांच्या आजोबांचा ६ असेल आणि फ्री टी-४ नॉर्मल असेल, तर ते बहुधा त्यांच्या वयाला साजेसंच आहे. तो आकडा "नॉर्मल" करायच्या हट्टाने जास्त गोळी दिली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. म्हाताऱ्या माणसांना गोळी सुरू करायचीच झाली तर डॉक्टर अगदी कमी डोसने सुरू करतात, ते याचसाठी.

आणखी एक प्रसंग असा, की टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो आणि तरीही थायरॉइडचं हार्मोन कमी असतं. बिघाड पिट्यूटरीतच असला की हाक मारणारीच गप्प होते. बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या बाईच्या पिट्यूटरीला रक्त कमी पडून ती कायमची दुखावू शकते. अशा बाईला त्या बाळंतपणानंतर दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि पुढे कित्येक वर्षं ती फिकट, थकलेली, थंडावलेली राहते. तिचा नुसता टीएसएच केला तर "नॉर्मल" येतो आणि ती घरी परत पाठवली जाते. बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या होत्या, अंगावर दूध आलं नाही, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि फ्री टी-४ सोबत करायला सांगा. अशा बाईला थायरॉइडच्या गोळीआधी कॉर्टिसोल हे दुसरं हार्मोन तपासावं लागतं, कारण तेही कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं.

"जिंदगीभर गोळी" या भीतीबद्दल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. तोपर्यंत या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. ती बाई पुढे २८ वर्षं जगली. आजची गोळी त्याहून कितीतरी शुद्ध, तुमच्याच शरीरात बनतं तेच टी-४. ती सवय लावत नाही, कमी पडलेलं भरून काढते. हाशिमोतोमुळे ग्रंथी निकामी झाली असेल तर गोळी बहुधा कायम घ्यावी लागते. पण बाळंतपणानंतर वर्षभरात मंदावलेला थायरॉइड पुष्कळ बायकांत पुन्हा चालू होतो, त्यांनी डॉक्टरांना "बंद करून पाहायचं का?" असं जरूर विचारावं.

गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ही गोळी उष्णता आणि ओल सोसत नाही. टी-४ रक्तातून निम्मा व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलल्यावर टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. पंधरा दिवसांत पुन्हा तपासायला आलात तर पैसे वाया जातील.

मीठ

आयोडीन नसेल तर ग्रंथी हार्मोन बनवणार कशापासून? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, आणि तिथला गलगंड कमी होत गेला. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे पाकिटातल्या मिठात आयोडीन आलं.

हल्ली काही घरांत उपासाचं सैंधव रोजच्या भाजी-वरणात आलं आहे, गुलाबी मीठ चांगलं म्हणून. त्यात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मला हे अजिबात पटत नाही. मीठ कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं खा. मात्र थायरॉइड मंदावलाय म्हणून जास्त आयोडीन घेऊ नका, हाशिमोतोमध्ये त्याने नुकसानच होतं. पत्ताकोबी, फुलकोबी सोडायचीही गरज नाही; शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ली तर थायरॉइडला काही होत नाही.

गरोदरपण आणि नवं बाळ

गर्भाची थायरॉइड ग्रंथी पहिले तीन महिने जवळजवळ काही देत नाही. त्या काळात बाळाचा मेंदू आईच्या टी-४ वर घडत असतो. म्हणून गोळी आधीपासून चालू असलेल्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच, पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता, डॉक्टरांना फोन करावा. बहुतेकींचा डोस लगेच वाढवावा लागतो. गोळी बाळाला बाधेल म्हणून ती बंद करणाऱ्या सासवा-सुना मी पाहिल्या आहेत. बाळाला गोळी न घेतल्याने धोका आहे. गरोदरपणात टीएसएचची वरची सीमाही नेहमीपेक्षा खाली असते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, त्यामुळे रिपोर्टवर छापलेली साधी रेंज पाहून "नॉर्मल आहे" असं घरीच ठरवू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोखीम असलेल्या गरोदर बायकांचा टीएसएच तपासायचा असतो. आधी गर्भपात झालेला, घरात थायरॉइड, वय ३० च्या पुढे, असं काही असेल तर डागासारखं सरकारी स्त्री रुग्णालय असो की खासगी दवाखाना, पहिल्याच भेटीत स्वतःहून विचारा.

आणि बाळ. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाचा थायरॉइड जन्मापासून मंद असतो. असं बाळ जन्मतः बहुधा अगदी नॉर्मल दिसतं, कारण आईचं हार्मोन अजून त्याच्या अंगात असतं. पुढे कावीळ रेंगाळते, बाळ कमी रडतं, जास्त झोपतं, दूध ओढताना दमतं, शी होत नाही, बेंबी बाहेर येते. घरातल्या आज्या कौतुकाने म्हणतात, "किती शांत आहे लेकरू!" लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं, आणि ते पुढे भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालं तर हेच मूल इतर मुलांसारखं शिकतं, खेळतं.

ते ओळखायला टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब पुरतात. जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळलेलाच असतो, म्हणून हे रक्त ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतात. दुसऱ्याच दिवशी सुट्टी मिळत असेल तर ही तपासणी राहून जाते. बाळंतपणासाठी नाव घालायला जाल तेव्हाच विचारून ठेवा, की बाळाचा टीएसएच इथे होतो का, आणि होत नसेल तर कुठे न्यायचं. घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर तो लिहिला आहे का पाहा. नसेल तर तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन या.